क्रियापद आणि कर्म यांच्यामधील एक शब्द

'आम्ही या विषयावर चर्चा केली' हें साधें मराठी वाक्य. तें इंग्रजींत सांगावयाची वेळ आली कीं चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडूनहि 'वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर' असें सहज निघून जातें. कचेरींतील पत्रांत, सभांच्या इतिवृत्तांत, पदवीधरांच्या अर्जांत हा 'अबाउट' वारंवार भेटतो. इंग्रजीचे शिक्षक तो लाल शाईनें खोडतात. कां खोडला असें विचारलें तर 'डिस्कस' हें सकर्मक क्रियापद आहे, त्याला अव्यय लागत नाहीं, एवढें उत्तर मिळतें. उत्तर बरोबर आहे; पण त्यानें विद्यार्थ्याचें समाधान होत नाहीं, आणि होऊंहि नये. कारण त्याच विद्यार्थ्यानें पुढच्या ओळींत 'आय लिसन्ड द साँग' असें लिहिलें तर तेथें 'टू' नाहीं म्हणून तेच शिक्षक गुण कापतात. एका ठिकाणीं शब्द घातला म्हणून चूक, दुसऱ्या ठिकाणीं गाळला म्हणून चूक! गाणें ऐकणें आणि विषयाची चर्चा करणें या दोन क्रियांत असा कोणता भेद आहे, कीं एकीला अव्यय हवें आणि दुसरीला नको?

अर्थाकडे पाहून या प्रश्नाचा निकाल लागत नाहीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. इंग्रजींत एकाच अर्थाचीं दोन क्रियापदें शेजारीं शेजारीं नांदतात आणि त्यांपैकीं एक अव्यय मागतें, दुसरें मागत नाहीं. गाडीची वाट पाहावयाची तर 'वेट फॉर द ट्रेन' म्हणावें, किंवा 'अवेट द ट्रेन' म्हणावें. पत्राला उत्तर द्यावयाचें तर 'रिप्लाय टू द लेटर', अथवा 'आन्सर द लेटर'. स्टेशन गांठावयाचें तर 'अराइव्ह ॲट द स्टेशन', नाहीं तर 'रीच द स्टेशन'. वाट तीच, पत्र तेंच, स्टेशनहि तेंच. बदललें तें फक्त क्रियापद. अव्ययाची गरज क्रियेच्या स्वरूपावर नसून त्या त्या शब्दाच्या संवयीवर आहे. माणसांच्या संवयींप्रमाणेंच शब्दांच्या संवयींनाहि बहुधा कांहीं पूर्वेतिहास असतो, आणि तो समजला म्हणजे पाठांतराचें ओझें पुष्कळ हलकें होतें.

आधीं मराठी माणसाची चूक कोठून येते तें पाहूं जावें. 'चर्चा करणें' हें मराठींत क्रियापद म्हणून वावरतें खरें. पण त्यांतील खरें क्रियापद 'करणें' एवढेंच. 'चर्चा' हें नाम आहे आणि 'विषयावर' हें पद त्या नामाला चिकटलेलें आहे. मराठींत अशा जोडक्रियापदांचा सुकाळ आहे. पगारवाढीची मागणी करणें, रजेसाठीं विनंती करणें, शहरावर हल्ला करणें, मुद्द्यावर भर देणें, घरांत प्रवेश करणें, डॉक्टरशीं लग्न करणें: यांतील प्रत्येकांत एक नाम दडलेलें आहे, आणि तें नाम आपल्यामागें 'ची', 'साठीं', 'वर', 'त', 'शीं' असा कांहीं प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय ओढून आणतें. मराठी मनांत वाक्य असें तयार झालें कीं त्यांतील 'वर' आणि 'साठीं' इंग्रजींत जातांनाहि सुटत नाहीं. मग 'डिमांडेड फॉर', 'रिक्वेस्टेड फॉर', 'अटॅक्ड ऑन', 'एम्फसाइज्ड ऑन', 'एन्टर्ड इंटू द हाऊस', 'मॅरीड विथ अ डॉक्टर' अशी रांग लागते. हॉटेलांत बसून 'ऑर्डर फॉर टू कॉफीज्' म्हणणाराहि याच रांगेंतला.

गंमत अशी कीं इंग्रजी नामांनाहि हेंच अव्यय लागतें. 'डिस्कशन अबाउट', 'डिमांड फॉर', 'रिक्वेस्ट फॉर', 'अटॅक ऑन', 'एम्फसिस ऑन', 'एन्ट्री इंटू' हे सारे प्रयोग शुद्ध आहेत. नाम स्वतः कर्म घेऊं शकत नाहीं. त्याला कर्माशीं जोडून देणारा दुवा लागतो. क्रियापदाला तो लागत नाहीं, तें आपलें कर्म हातानेंच धरतें. म्हणून 'अ डिमांड फॉर हायर वेजेस' बरोबर, पण 'दे डिमांडेड फॉर हायर वेजेस' चूक. 'ॲन आन्सर टू द क्वेश्चन' बरोबर, 'आन्सर टू द क्वेश्चन' अशी आज्ञा चूक. 'अ व्हिजिट टू पूना' बरोबर, 'आय व्हिजिटेड टू पूना' चूक. 'रिझेम्ब्लन्स टू', पण नुसतें 'रिझेम्बल'. 'ओबीडियन्स टू', पण नुसतें 'ऑबे'. 'इन्व्हेस्टिगेशन इंटू', पण नुसतें 'इन्व्हेस्टिगेट'. 'लॅक ऑफ मनी', पण 'ही लॅक्स मनी'. नामाचा अंगरखा क्रियापदाच्या अंगावर चढविला, एवढीच या बहुतेक चुकांची जात आहे. ज्याला ही एक खूण पटली त्याला वीस-पंचवीस क्रियापदांची यादी पाठ करण्याची गरज उरत नाहीं.

'मॅरी'चें प्रकरण थोडें निराळें आहे. 'शी मॅरीड अ डॉक्टर' येथें अव्यय नाहीं. 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर' येथें लग्न होऊन गेलें आहे, 'मॅरीड' हें विशेषण झालें आहे, म्हणून 'टू' आला. 'मॅरेज टू' यांतहि तोच. 'विथ' मात्र कोठेंच नाहीं. तो केवळ मराठीच्या 'शीं'ची सावली आहे.

या सर्वांचा दोष एकट्या मराठीच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. 'डिस्कस अबाउट' आणि 'एम्फसाइज ऑन' हे प्रयोग नायजेरियांत ऐकूं येतात, सिंगापुरांत आणि हाँगकाँगमध्येंहि ऐकूं येतात. तेथील लोकांच्या मातृभाषा मराठीहून आणि एकमेकींहूनहि अगदीं वेगळ्या आहेत. जी चूक इतक्या दूरदूरच्या भाषा बोलणारे लोक एकमेकांना न विचारतां करतात, तिचें बीज इंग्रजींतच असलें पाहिजे. तें बीज म्हणजे वर सांगितलेली नामांची ओढ. आणि तिच्या जोडीला समानार्थी क्रियापदांची ओढ. 'टॉक अबाउट' आणि 'डिस्कस', 'आस्क फॉर' आणि 'रिक्वेस्ट', 'गो इंटू' आणि 'एन्टर', 'कन्सिस्ट ऑफ' आणि 'कम्प्राइज' अशीं जोडपीं कानांत एकत्र राहतात आणि एकाचें अव्यय दुसऱ्याच्या घरीं जाऊन बसतें. 'कम्प्राइज ऑफ' हा संकर तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्याहि लेखणींतून उतरतो. 'द कमिटी कम्प्राइझेस सेव्हन मेंबर्स' एवढेंच म्हणणें निर्मळ. 'इज कम्प्राइज्ड ऑफ' हें रूप आतां इतकें पसरलें आहे कीं पुष्कळ कोश त्याची नोंद घेतात. तरी काटेकोर संपादक अजूनहि तें खोडतात, आणि ज्याला वाद नको त्यानें 'कन्सिस्ट्स ऑफ' म्हणून मोकळें व्हावें.

आतां उलट बाजू. जेथें मराठींत कर्म उघडें असतें तेथें मराठी माणूस इंग्रजींतहि अव्यय विसरतो. 'गाणें ऐकलें', 'चित्र पाहिलें' यांत प्रत्यय नाहीं. म्हणून 'लिसन द साँग', 'लुक द पिक्चर'. वास्तविक 'हिअर' आणि 'सी' हीं क्रियापदें कर्म सरळ घेतात. कानावर पडलें तें 'हिअर', डोळ्यांना दिसलें तें 'सी'. तेथें वस्तु आपोआप येऊन पोहोंचते. 'लिसन' म्हणजे कान देणें आणि 'लुक' म्हणजे नजर टाकणें. कान कोणीकडे दिला, नजर कोणीकडे टाकली, हें सांगावयास 'टू' आणि 'ॲट' लागतात. मराठींतहि 'त्याच्याकडे कान दिला', 'त्याच्याकडे पाहिलें' असें म्हटलें म्हणजे 'कडे' येतोच. 'एक्स्प्लेन मी' ही चूकहि याच घरची. 'मला सांगा' याचें 'टेल मी' होतें, म्हणून 'मला समजावून सांगा' याचें 'एक्स्प्लेन मी' व्हावें असें वाटतें. पण 'एक्स्प्लेन' माणसाला 'टू' लावल्यावांचून जवळ करीत नाहीं.

हीं क्रियापदें अशीं कां वागूं लागलीं, याचा थोडा इतिहास सांगण्याजोगा आहे. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत संस्कृताप्रमाणें नामांना विभक्तिप्रत्यय होते. मदत करणें, अनुसरणें, आभार मानणें या अर्थाच्या क्रियापदांना चतुर्थीसारख्या विभक्तींतलें नाम लागे. जर्मन भाषेंत तें आजहि लागतें. इंग्रजींत १०६६ च्या नॉर्मन विजयाच्या आगेंमागें हे प्रत्यय झिजत गेले आणि पुढील दोन-तीन शतकांत बहुतेक नाहींसे झाले. प्रत्यय गेल्यावर कांहीं क्रियापदांचें कर्म तसेंच उघडें राहिलें. 'हेल्प', 'फॉलो', 'थँक' हीं त्यांतलीं. इतर कित्येकांच्या मदतीला 'टू', 'फॉर', 'ऑफ' हे शब्द धांवले. ही वांटणी कोणा वैयाकरणानें बसून केलेली नाहीं. ती वापरानें, थोडीशी लहरीनेंहि, होत गेली.

त्याच विजयानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजींत आला. या शब्दांचें एक वैशिष्ट्य आहे. पुष्कळांच्या पोटांत अव्यय आधींच शिरलेलें असतें. 'कॉन्ट्रडिक्ट' यांतील 'कॉन्ट्रा' म्हणजे विरुद्ध; तेव्हां 'ही कॉन्ट्रडिक्टेड अगेन्स्ट मी' म्हणणें म्हणजे 'विरुद्ध विरुद्ध बोलला' असें म्हणणें होय. 'इनहॅबिट' यांत 'इन' आहे, म्हणून 'लिव्ह इन अ हाऊस' पण 'इनहॅबिट अ हाऊस'. 'इन्व्हेड' म्हणजे आंत चाल करून जाणें. 'आंत' त्याच्याजवळच आहे. 'अकंपनी' यांत 'सह' आहे, म्हणून त्याला 'विथ' लावूं नये. 'डिस्कस' याचें मूळ लॅटिन क्रियापद तर मोठें बोलकें आहे: त्याचा अर्थ हालवून, झटकून सुटें करणें. विषय हातांत घेऊन पिंजावयाचा आहे. त्याच्या भोंवतीं फिरणारा 'अबाउट' तेथें कशाला?

ज्यांचें संस्कृत व्याकरण थोडेंफार झालें आहे त्यांना येथें पाणिनीची आठवण व्हावी. 'आसने तिष्ठति' यांत आसन सप्तमींत आहे. त्याच धातूला 'अधि' हा उपसर्ग लागला कीं 'आसनम् अधितिष्ठति' होतें. आधाराचें कर्म बनतें. 'शिष्याय क्रुध्यति' यांत चतुर्थी आहे, पण 'शिष्यम् अभिक्रुध्यति' यांत द्वितीया. या दोन्ही गोष्टींसाठीं अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत स्वतंत्र सूत्रें आहेत. उपसर्ग धातूला लागला म्हणजे बाहेरचें नातें आंत येतें आणि कर्म उघडें पडतें, हा प्रकार इंग्रजीलाच विशेष आहे असें नाहीं. 'वेट फॉर' आणि 'अवेट' यांच्यांतहि असेंच घडलें आहे.

परंतु या नियमावर फार भार टाकूं नये, तो मोडतो. 'इन्सिस्ट' याच्या पोटांत 'इन' असूनहि बाहेर 'ऑन' लागतोच. 'ॲडहिअर' याच्या आरंभीं 'कडे' या अर्थाचा लॅटिन उपसर्ग असूनहि 'टू' हवा. 'अराइव्ह' याचें मूळ 'किनाऱ्याला लागणें' असें आहे. किनारा शब्दांतच आला, पण कोणत्या गांवचा किनारा हें सांगण्यास पुन्हां 'ॲट' किंवा 'इन' जोडावा लागतो. उलट 'रीच' हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, हात लांबवून पोहोंचणें असा त्याचा मूळ अर्थ. हात लागला कीं काम झालें, मध्यें अव्ययाला जागा नाहीं. व्युत्पत्ति कारण सांगते, आज्ञा करीत नाहीं.

येथवरच्या चुका झाल्या तरी अर्थ कळतो. 'डिस्कस अबाउट' ऐकून कोणाचा गैरसमज होत नाहीं. फार तर परीक्षेंत अर्धा गुण जातो किंवा मुलाखत घेणाऱ्याची भुंवई वर चढते. बोलतांना असा एखादा 'अबाउट' निसटला म्हणून कोणाची टर उडविणें हा उथळपणाच होय. खरा धोका वेगळ्याच क्रियापदांत आहे. तीं अव्ययासहहि शुद्ध असतात आणि अव्ययावांचूनहि शुद्ध असतात. फक्त अर्थ पालटतो, आणि वाक्य निर्दोष असल्यामुळें चूक कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

'द पोलीस सर्च्ड द मॅन' म्हणजे पोलिसांनीं त्या माणसाची झडती घेतली. माणूस त्यांच्या हातीं आहे. 'द पोलीस सर्च्ड फॉर द मॅन' म्हणजे त्याचा शोध केला. माणूस सांपडलेला नाहीं. 'ही शॉट द वॉचमन' म्हणजे पहारेकऱ्याला गोळी लागली. 'ही शॉट ॲट द वॉचमन' म्हणजे त्याच्यावर नेम धरून गोळी झाडली; ती लागली कीं नाहीं हें वाक्य सांगत नाहीं. मराठींतहि 'गोळी घातली' आणि 'गोळी झाडली' यांत असाच फरक आहे. साक्षीदाराची मराठी जबानी इंग्रजींत उतरविणाऱ्यानें एक 'ॲट' गाळला तर न झालेली दुखापत कागदावर होऊन बसते, आणि त्या कागदावरून पुढें युक्तिवाद चालतात.

या जोड्यांत एक सूत्र दिसतें. अव्यय नसलें म्हणजे क्रिया कर्माला जाऊन भिडते. अव्यय मध्यें आलें म्हणजे क्रियेचा रोख तिकडे असतो, पण मध्यें अंतर राहतें. 'कॅच अ रोप' म्हणजे दोर पकडला, 'कॅच ॲट अ रोप' म्हणजे दोराला हात घातला. 'आय नो हिम' म्हणजे ओळख आहे, 'आय नो ऑफ हिम' म्हणजे नांव ऐकून आहे. 'बिलीव्ह अ मॅन' म्हणजे त्याचें एखादें सांगणें खरें मानणें, 'बिलीव्ह इन अ मॅन' म्हणजे त्या माणसावरच श्रद्धा ठेवणें. समितीनें खर्च 'ॲप्रूव्ह' केला म्हणजे मंजुरी दिली; आजोबा नातवाच्या केशरचनेला 'ॲप्रूव्ह ऑफ' करीत नाहींत म्हणजे त्यांना ती पसंत नाहीं, मंजुरीचा तेथें प्रश्नच नाहीं. 'अटेंड अ लेक्चर' म्हणजे व्याख्यानाला हजर राहणें, 'अटेंड टू अ लेक्चर' म्हणजे त्याकडे लक्ष देणें. पहिलें करणारे पुष्कळ असतात.

'एन्टर' याचाहि येथेंच उलगडा करावा. खोलींत शिरावयाचें तर 'एन्टर द रूम'. करार, वाटाघाटी, पत्रव्यवहार यांत उतरावयाचें तर 'एन्टर इंटू ॲन ॲग्रीमेंट'. जागा असेल तर अव्यय नाहीं, व्यवहार असेल तर आहे. कायद्याच्या कागदांतून 'एन्टर इंटू' सतत दिसत असल्यामुळें सुशिक्षितांना तेंच भारदस्त वाटतें आणि मग ते घरांतहि 'इंटू' लावूनच शिरतात.

या रीति कायमच्या नाहींत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत 'ऑबे'ला 'टू' लावलेला सांपडतो; शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मध्यें 'लिसन' 'टू'वांचून कर्म घेतो. आज दोन्ही बरोबर उलट. अमेरिकेंत माणसें युद्धाचा निषेध 'अगेन्स्ट'वांचून करतात, 'प्रोटेस्ट द वॉर'; निकालावर अपील 'अपील द व्हर्डिक्ट' असें करतात; आणि मित्राला 'राइट मी' म्हणून निरोप देतात. ब्रिटिश रिवाजाप्रमाणें पहिल्या दोहोंत 'अगेन्स्ट' आणि तिसऱ्यांत 'टू' हवा. हिंदुस्थानांतील न्यायालयें आणि विद्यापीठें या बाबतींत ब्रिटिश रिवाजालाच धरून आलीं आहेत. तेव्हां येथें अर्ज किंवा निबंध लिहिणारानें तोच पाळणें सोयीचें. एकाच पत्रांत दोन्ही रिवाज मिसळूं नयेत, एवढी खबरदारी पुरे.

शंका आलीच तर घरच्या घरीं करून पाहण्याजोगी एक कसोटी आहे. वाक्य कर्मणि प्रयोगांत फिरवावें. 'द मॅटर वॉज डिस्कस्ड' हें कानाला पुरें वाटतें. शेवटीं 'अबाउट' लटकलेला कोणालाच रुचत नाहीं. तेव्हां कर्तरींतहि तो नको. उलट 'ही वॉज लाफ्ड' येथें वाक्य अर्ध्यावर तुटतें, 'ही वॉज लाफ्ड ॲट' म्हटल्यावरच पुरें होतें. म्हणजे 'लाफ'ला 'ॲट' हवाच. ज्याच्या कानावरून इंग्रजी पुष्कळ गेलें आहे त्याला ही कसोटी फसवीत नाहीं.

ज्याचा कान अजून तयार नाहीं त्यानें कोश उघडावा. मात्र इंग्रजी-मराठी शब्दार्थाचा कोश येथें निरुपयोगी, किंबहुना घातकच. 'डिस्कस' म्हणजे 'चर्चा करणें' असें तो सांगतो आणि त्या 'चर्चें'तूनच 'वर' बाहेर पडतो. जपानांत इंग्रजी शिकवीत असतांना ए. एस. हॉर्नबी यांना हीच अडचण जाणवली. जपानी विद्यार्थ्यांना शब्दांचे अर्थ येत, पण शब्दानें वाक्यांत कसें बसावें हें येत नसे. त्यांनीं दोन सहकाऱ्यांसह एक कोश रचला आणि त्यांत क्रियापदांच्या रचनेचे पंचवीस सांचे ठरवून प्रत्येक क्रियापदापुढें त्याचा सांचा दाखविला. तो १९४२ सालीं टोकियोंत छापला गेला. १९४८ पासून ऑक्सफर्डच्या छापखान्यानें तो जगभर पोंचविला. परभाषिक विद्यार्थ्यांसाठीं पुढें निघालेल्या कोशांनीं तीच वाट धरली. अशा कोशांत अर्थाआधीं उदाहरणाचें वाक्य वाचावें, आणि वहींत नवा शब्द टिपतांना नाम एका ओळींत त्याच्या अव्ययासह, क्रियापद दुसऱ्या ओळींत त्याच्या कर्मासह लिहावें: वर 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', खालीं 'टु रिक्वेस्ट लीव्ह'.